सोमवारी लिहिणारी

किशोरी पहिल्यांदा माझ्या क्लासात आली तेव्हा तिच्या हातांना कोलंबीचा वास येत होता. शेजारची मुलगी नाक मुरडून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली. मी त्या मुलीला दंडाला धरून परत जागेवर बसवलं आणि सांगितलं, की तू तुझी बोटं अक्षरांवर नीट पाड, वासाचं मी बघते. माझा स्वभाव तापट आहे. पनवेलात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत शोभाबाईंचा टायपिंगचा क्लास कुठे म्हणून विचारलंत, तर लोक पत्ता सांगतात आणि वर ‘जपून’ असंही सांगतात.

तेव्हा टाइपरायटर जाऊन संगणक यायला लागले होते. सरकारी परीक्षेला मुली बसवणं हा माझा मूळ धंदा. इंटरनेट आलं तसे मी मागच्या खोलीत त्याचेही संगणक मांडले. किशोरी उरणकडची, बारावी झालेली, लग्न होऊन पनवेलजवळच्या एका खाडीकाठच्या पाड्यात आलेली. पाड्याचं नाव मी इथे लिहीत नाही. किशोरीनेही ते कधी लिहिलं नव्हतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

तिचा सासरा काशिराम खाडीत खुंट रोवून जाळं लावायचा. सासू गुणाबाई पनवेलच्या मासळी बाजारात बसायची. नवरा प्रणित बंदराकडच्या एका कंटेनर यार्डात कारकून होता आणि ती नोकरी त्याला प्रितेशशेठने लावून दिली होती. प्रितेश त्याच पाड्यातला. त्याने आधी ट्रक घेतले, मग टँकर घेतले, मग पांढरी गाडी घेतली. पाड्यातल्या निम्म्या पोरांना त्याने कुठे ना कुठे चिकटवलं होतं, देवळापुढे सभामंडप बांधून दिला होता. बोलायला अतिशय गोड माणूस. मला गोड बोलणाऱ्यांची आधीपासून धास्ती वाटते.

सुनेला शिकवायची हौस गुणाबाईंचीच. सकाळी किशोरी टोपली बाजारात पोचवायची आणि दुपारी सासूला घेऊन परत जायची. मधला वेळ माझ्याकडे. पुस्तकातले उतारे तिने भराभर संपवले. मी म्हटलं, आता मनाने काहीतरी टाइप कर, हात चालता राहू दे. तिने जे टाइप केलं ते मी उभ्या उभ्या वाचायला गेले आणि खुर्ची ओढून बसले. भरलेली चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, पोट दाबून कशी ओळखायची, गिऱ्हाईक कसं फसतं, आणि फसलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडाने येतं, असं सगळं. मी एकटीच हसत होते.

माझे यजमान, कुमार, एका ऑफिसात नोकरीला, पण जीव अडकलेला संगणकात. त्यांनी तिला ब्लॉग काढून दिला. नाव ठेवलं ‘खाडीकाठची’. स्वतःचं नाव नाही, फोटो नाही, गावाचा उल्लेख नाही, ही अट तिचीच होती. सासरच्या नावाला धक्का लागायला नको, एवढंच ती म्हणाली.

सुरुवातीला वाचणारे आम्ही दोघेच. कुमार तिला म्हणाले, दुकान उघडून नुसतं बसलं तर गिऱ्हाईक येत नाही हे तुला मी काय सांगायचं. मग ती दुसऱ्यांच्या ब्लॉगवर जाऊन वाचायला लागली, पटलं तर पटलं आणि नाही तर नाही असं लिहायला लागली. कोणी हिच्याकडे येऊन दोन ओळी टाकल्या की ही प्रत्येकाला उत्तर द्यायची, तेही नाव लक्षात ठेवून. लिहायची मात्र सोमवारीच. सोमवारी पनवेलात बरीच घरं मासे खात नाहीत, बाजार थंड असतो, म्हणून सोमवार तिचा. हळूहळू लोकांना त्याची सवय लागली. मूळची अलिबागची, आता टोरांटोला राहणारी रमा नावाची एक बाई सोमवारी सकाळी चहा घेऊन हिच्यासाठी बसायची. मस्कतचा एक इंजिनिअर आपल्या आईला फोनवर वाचून दाखवायचा. एकाने आपल्या ब्लॉगवर हिचा पत्ता दिला की तिथले दहा इकडे येत, त्यातला एखादा तिसरीकडे सांगे. ब्लॉगच्या बाजूला एक पट्टी होती; कोण कुठल्या गावाहून आलं ते त्यात दिसायचं. किशोरी ती पट्टी पोथी वाचावी तशी वाचायची. गुणाबाईंना कौतुक होतं, पण एवढे लोक येतात आणि मासा एकही घेत नाहीत याचं त्यांना नवल वाटायचं.

मला तेव्हा फार अभिमान वाटत होता. आजही वाटतो.

मग खाडीच्या पाण्याला वास यायला लागला. भरतीच्या वेळी टँकर येतात, बांधाच्या कडेला उभे राहतात आणि रिकामे होऊन जातात, असं पाड्यात सगळेच म्हणत. कुठल्या कारखान्याचे ते कोणी सांगत नसे. टँकर कोणाचे हे मात्र सांगायची गरज नव्हती. काशिरामच्या जाळ्यात मासे पोट वर करून यायला लागले. बाजारात एका बाईने गुणाबाईंचा मासा परत आणून त्यांच्या टोपलीत टाकला, रॉकेलचा वास येतो म्हणून. किशोरीने ते लिहिलं. कोणाचं नाव न घेता, नुसतं जे दिसलं ते. त्या सोमवारी वाचणारे दुप्पट झाले.

त्याच सुमारास बाजूच्या पट्टीत पहिल्यांदा ‘पनवेल’ उमटलं. कुमार म्हणाले, आपल्याच क्लासातलं कोणीतरी असेल. पण रविवारी क्लास बंद असायचा, आणि रविवारीही पनवेल येऊन गेलेलं दिसायचं. टोरांटो बोलायचं, मस्कत बोलायचं, लातूर आणि नागपूर बोलायचं. पनवेल कधी एक शब्द लिहीत नव्हतं. रोज यायचं, जुनं सगळं उघडून वाचायचं आणि जायचं. मी किशोरीला म्हटलं, जरा हात आखडता घे. ती म्हणाली, घेतलाच आहे बाई, मी कुठे कोणाचं नाव लिहिते.

पुढच्या भाद्रपदात गौरी आल्या. खाडीकाठच्या घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, चिंबोऱ्यांशिवाय तो पुरा होत नाही. किशोरीने लिहिलं की आमच्याकडे गौरीला नैवेद्य दाखवला की एक चिंबोरी जिवंत ठेवतात आणि नांग्यांची दोरी सोडून तिला खाडीत परत सोडतात. ‘या वर्षी सासूने ती पाण्यात सोडली, तर ती वळून काठावर आली. पुन्हा सोडली, पुन्हा आली. सासू तिला हाताने आत लोटत होती आणि ती सासूच्या लुगड्याला धरून वर चढत होती. पाण्यातलं जनावर पाण्याला भ्यालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.’ शेवट असा होता.

ते लिखाण वाऱ्यासारखं पसरलं. लोकांनी आपापल्या ब्लॉगवर उतरवून घेतलं, इंग्रजीत केलं, कोणीतरी त्यावर चित्र काढलं. ऑस्ट्रेलियातून एका अभ्यासकाची मेल आली. एका वर्तमानपत्राने न विचारता छापलं. त्या दिवशी किशोरीने सगळ्या क्लासाला वडापाव आणला. तिला इतकं खूश मी पुन्हा पाहिलं नाही.

दोन दिवसांनी भरबाजारातून उठून गुणाबाई माझ्याकडे आल्या, टोपली दाराबाहेर ठेवून. त्यांना वाचता येत नव्हतं. बाजारात कोणीतरी म्हणालं होतं, तुमची चिंबोरी पेपरात आली. त्यांनी मला तो पेपर वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. किशोरी भिंतीला टेकून उभी होती.

ऐकून झाल्यावर गुणाबाईंनी तो पेपर माझ्या हातातून घेतला आणि त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, “गावात चिंबोरी आमीच सोडतो. दुसरा कोनी सोडत नाय.”

किशोरीला ते कळायला वेळ लागला. काशिरामच्या आजीचा मुलगा खाडीत बुडता बुडता वाचला होता, तेव्हाचा तो नवस. त्या एकाच घराचा. किशोरी परगावची, सासरी येऊन तिला जेमतेम काही वर्षं झालेली, आणि गौरीच्या दिवशी जी ती बाई आपापल्या चुलीपुढे. दुसऱ्याच्या घरी काय करतात हे बघायला जाणार कोण? आपल्या घरात जे चालतं ते सगळ्या पाड्यात चालत असेल असं ती धरून चालली होती. सून म्हणून घरात पुरती मुरली होती ना, त्याचीच ही शिक्षा. टोरांटोला कळलं नाही ते कोणाचं घर. पाड्यात पहिल्या ओळीलाच कळलं.

त्या आठवड्यात प्रितेशशेठ माझ्या क्लासात आला. चपला दाराबाहेर काढून आला. कॉफी घेतली, साखर थोडी कमी आहे म्हणाला, हसला. क्लास छान ठेवलाय, मुलींना असं काही पाहिजेच, असं बरंच बोलला. संगणकांकडे एकेक करून बघितलं. जाताना म्हणाला, “बाई, जपून असा. हल्ली काय शिकून कोण काय करेल सांगता येत नाही.” एवढंच. गाडी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत माझ्या हातातला कप तसाच होता.

पितृपक्ष सरल्यावर गावकी बसली. गावकी म्हणजे पाड्याची पंचायत. तिचा शब्द तिथे कोर्टापेक्षा मोठा. काशिरामला मध्ये उभं केलं. प्रितेश त्या बैठकीत एक अक्षर बोलला नाही म्हणे, नुसता कडेला बसून होता. बोलल्या त्या बायका. आणि खोटं सांगत नाही, त्यांचा रागही खरा होता. पेपरात आल्यापासून नवीन पनवेलच्या बिल्डिंगांतल्या बायका ‘कुठल्या खाडीचा मासा’ विचारून पुढे जात होत्या, पाड्यातल्या सगळ्याच टोपल्या भरलेल्या परत येत होत्या. पाण्यात विष टाकणाऱ्याला घाबरून कोणी काही म्हणत नव्हतं, आणि विष आहे म्हणणारी समोर आयती उभी होती. घर वाळीत टाकलं.

वाळीत म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. कोणी मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. बोलणं बंद झालं, बस. दुकानदार मीठ देईना. नळावर किशोरी गेली की बायका हंडे उचलून मागे सरत. बाजारात गुणाबाईंच्या शेजारच्या दोघी, जन्मभराच्या मैत्रिणी, आपले पाट घेऊन लांब जाऊन बसल्या. काशिरामची होडी ओढायला पूर्वी हाक न मारता चार जण यायचे, आता तो एकटा दोरी धरून चिखलात उभा राहायचा. ब्लॉगवर मात्र किशोरीशी बोलायला जगभरातून माणसं येत होती. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत, लिहीत होती.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस काशिरामची छाती धरली. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं की फार दिवस नाहीत. तो शांत होता, त्याला एकाच गोष्टीची काळजी होती. त्याने उभ्या आयुष्यात पाड्यातल्या प्रत्येक मयताला खांदा दिला होता. “मना गावानं उचलला पायजे,” असं तो प्रणितला सारखं म्हणायचा. वाळीतल्या घरच्या मयताला गाव हात लावत नाही.

प्रणित गावकीच्या पाया पडला. गावकी म्हणाली, लिहिलंय ते सगळं काढून टाका, मग बघू.

किशोरीने ते एका सोमवारी केलं, माझ्यासमोर बसून. इतक्या वर्षांचं लिहिलेलं, एकेक न उघडता, एका झटक्यात. मला रडू आलं. ती नाही रडली; म्हणाली, बाबांना खांदा मिळू दे, बाकी काय, परत लिहिता येईल.

पण ते गेलं नव्हतंच. ज्यांनी प्रेमाने उतरवून घेतलं होतं त्यांच्याकडे ते जसंच्या तसं होतं. ‘खाडीकाठची’ दिसेनाशी झाल्याबरोबर त्यांना शंका आली, आणि शंका बरोबर होती. तिचा आवाज दाबला, म्हणून टोरांटोच्या रमाताईंनी तो चिंबोरीचा लेख पुन्हा टाकला. त्यांचं बघून अनेकांनी टाकला. किशोरीने एकेकाला पत्र लिहून हात जोडले, की कृपा करून काढा, इथे माझ्या घरावर बेतलंय. त्यांना वाटलं, हिच्याकडून कोणीतरी जबरदस्तीने लिहून घेतंय. त्यांनी ते पत्रही छापलं. चांगली माणसं होती सगळी. त्यांच्यावर मी अजून चिडते, आणि कशाबद्दल चिडते ते मला सांगता येत नाही.

प्रितेश पुन्हा आला. या वेळी मोबाइलवर रमाताईंचं पान उघडून मला दाखवलं. शब्द दिला होता ना बाई, असं दुखावल्यासारखं म्हणाला. माझा ताबा सुटला. टँकरचं जे काही मनात होतं ते मी सगळ्या मुलींसमोर त्याच्या तोंडावर बोलले. तो शेवटपर्यंत ऐकून घेत उभा राहिला. मग हळू आवाजात विचारलं, “कुठले टँकर? तुम्ही पाहिलेत?”

मी पाहिले नव्हते. त्या आठवड्यात पाच-सहा पालकांनी मुली क्लासातून काढून घेतल्या; का, ते कोणी सांगितलं नाही.

गावकीने मग दुसरी अट घातली. लिहिणारी घरात आहे तोवर घर बाहेर. काशिरामला हे सांगितलं तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड केलं. प्रणित म्हणाला, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, बाबांचं झालं की मी तुला घेऊन येतो. किशोरीने वाद घातला नाही. निघताना गुणाबाईंनी तिची ओटी भरली. लेक सासरी जाताना भरतात तशी. तांदूळ पदरात टाकताना निम्मे खाली सांडले, आणि त्या तिथेच बसून ते वेचत राहिल्या. किशोरीने मला हे सांगितलं तेव्हा मी तिला पुढचं बोलू दिलं नाही.

माहेरी भावजय होती, तिथे तिचं फार जमलं नाही. मी तिला क्लासाच्या माडीवर खोली दिली आणि मुलींना शिकवायला लावलं. मराठीच्या टायपिंगला तिच्यासारखं शिकवणारं माझ्याकडे आजवर कोणी झालं नाही.

माघात काशिराम गेला. गुणाबाईंचा निरोप बाजारातल्या बर्फवाल्याने आणला, तोही दबक्या आवाजात. आम्ही दोघी रिक्षाने निघालो. पाड्यात जायची सोय नव्हती. बांधाच्या रस्त्यावर, स्मशानाच्या अलीकडे रिक्षा उभी केली आणि बाजूचा पडदा अर्धा खाली ओढला.

सगळं गाव आलं होतं. टाळ होते, भजन होतं, म्हातारे काठ्या टेकत चालले होते, नळावरून हंडे उचलणाऱ्या बायका गुणाबाईंना दोन्ही बाजूंनी धरून धाय मोकलून रडत होत्या. काशिरामला हवा होता तसा मान मिळाला. तिरडी आमच्यापासून चार हातांवरून गेली. पुढे डावीकडे प्रणित होता. उजवीकडे पांढऱ्या सदऱ्यात प्रितेश. त्याचे डोळे पाण्याने भरले होते, आणि मला वाटतं ते पाणी खरं होतं.

किशोरीने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. सासरा गेला, सून रस्त्यावर, आणि तिला एक हुंदका बाहेर काढायची परवानगी नव्हती. प्रणितने रिक्षा पाहिली. त्याने मान फिरवली. तेव्हाच मला कळलं की तो तिला न्यायला येणार नाही, आणि तिलाही कळलं असणार.

थोड्या वेळाने धूर दिसायला लागला. रिक्षावाला खाली उतरून नाकाला रुमाल लावून उभा होता. खाडीचा वास त्याला सहन होईना. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, की अस्थी नाशिकला नेणार का.

“खाडीतच सोडतील,” ती म्हणाली. “त्यांची इच्छा होती.”

क्लासवर आल्यावर मी तिला वर जाऊन पड म्हटलं. ती गेली नाही. नळावर तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि मागच्या खोलीत नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसली. तिच्या मनात काय आहे ते मला दिसलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिच्याशी अजिजीने बोलले. नको ग, म्हटलं. ती माणसं बघितलीस ना. परत ओळखतील.

एवढी वर्षं माझ्याशी शुद्ध बोलणारी मुलगी, त्या दिवशी घरचं बोलली.

“आता मना कशावरून वलखतील, बाई? घरावरून वलखलं होतं. आता मना घरच नाय.”

मी उठले, दुपारच्या भर उन्हात क्लासाचं दार लावून आतून कडी घातली आणि तिच्यासमोरचा संगणक चालू केला.